नामापुढे 'टु' आला की इंग्लिश चुकलं म्हणे!

'इंग्लिश सुधारा, पाच सोनेरी नियम' अशी एक पिवळ्या रंगाची इमेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतीये. तुमच्याकडे आली नसेल तर येईल, काळजी नसावी. खाली ना कुणाचं नाव, ना कुठल्या पुस्तकाचा दाखला, फक्त 'दहा विद्यार्थ्यांना पाठवा'. एरवी मी असलं काही न वाचताच डिलीट करते, पण आमच्या भाचीने हे वाचून नोकरीच्या अर्जातलं 'माय ॲबिलिटी टु वर्क इन अ टीम' हे धडधाकट वाक्य खोडलं, त्याजागी 'माय ॲबिलिटी फॉर वर्किंग इन अ टीम' केलं आणि वर मलाच ऐकवलं की मावशी, नामानंतर 'टु' चालत नाही. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

नियम असे आहेत. एक, नामानंतर 'टु' आणि क्रियापद कधीच येत नाही, उद्देश सांगायचा तर 'फॉर' आणि पुढे आयएनजी. दोन, 'टु'च्या जागी 'इन ऑर्डर टु' घालून बघा, बसलं तर वाक्य बरोबर, नाहीतर चूक. तीन, वाक्याच्या शेवटी 'ऑन', 'विथ', 'इन' असं काही लटकत ठेवायचं नाही. चार, काम स्वतःला करत नाही म्हणून 'वर्क टु डू' चूक आणि 'वर्क टु बी डन' बरोबर. पाच, एका वाक्यात 'फॉर' आणि 'टु' जवळजवळ नकोत.

पहिल्या नियमातलं 'कधीच' बघा. परदेशात जायची गरज नाही, आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा इंग्लिशमध्ये उघडा आणि सुरुवातीचं लांबलचक शीर्षक वाचा. 'ॲन ॲक्ट टु प्रोव्हाइड फॉर सेटिंग आउट द प्रॅक्टिकल रेजीम ऑफ राइट टु इन्फर्मेशन फॉर सिटिझन्स टु सिक्युअर ॲक्सेस टु इन्फर्मेशन'... पुढे अजून बरंच आहे. पहिलेच तीन शब्द, 'ॲन ॲक्ट टु'. ॲक्ट हे नाम, त्याला चिकटून 'टु', आणि पुढे तो कायदा कशासाठी केलाय ते. लाँग टायटल असतंच मुळी कायद्याचा हेतू सांगायला! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बघा, तोही 'ॲन ॲक्ट टु'नेच सुरू होतो. घटनादुरुस्तीचे कायदे 'ॲन ॲक्ट फर्दर टु अमेंड द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया' असे असतात. म्हणजे पिवळ्या इमेजवाल्यांच्या मते संसद इतकी वर्षं व्याकरण चुकतीये आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. (जाता जाता, 'राइट टु इन्फर्मेशन'मधला 'टु' वेगळा, त्याच्यापुढे क्रियापद नाही, नाम आहे. तो इथे मोजू नका.)

मुळात घोटाळा असा झालाय की नामानंतर दिसणारे सगळे 'टु' या लोकांनी एकाच पोत्यात भरलेत. 'आय वेंट टु द शॉप टु बाय मिल्क' यात शॉप हे नाम 'टु बाय'च्या आधी आलंय खरं, पण 'टु बाय' चा संबंध दुकानाशी नाही, जाण्याशी आहे. 'आय नीड अ पेन टु राइट विथ' यात मात्र संबंध पेनाशीच आहे, कसलं पेन तर लिहायला पेन. आणि 'ॲबिलिटी टु वर्क', 'डिसिजन टु रिझाइन', 'रिफ्यूजल टु पे' यात उद्देश वगैरे काहीच नाही, त्या नामाचा अर्थच 'टु' शिवाय अर्धवट राहतो. एबल टु, डिसाइड टु, रिफ्यूज टु, यांचीच ती नामं, तो 'टु' त्यांनी घरून आणलाय. 'ॲबिलिटी फॉर वर्किंग' लिहिलं की वाचणाऱ्याला दाताखाली खडा आल्यासारखं होतं आणि अर्ज वाचणारा माणूस तुम्हाला फोन करून खडा कुठे लागला ते सांगत नाही, अर्ज नुसता बाजूला ठेवतो. म्हणून हा नियम मला सगळ्यात जास्त नुकसानीचा वाटतो.

बरं, अर्धं सत्य आहे, नाही कशाला म्हणू. एखादी वस्तू एकूणात कशासाठी असते हे सांगायला 'फॉर' आणि आयएनजी छानच बसतं, 'अ मशीन फॉर मेकिंग चकली' एकदम बरोबर. पण आज मी काय केलं हे सांगताना 'आय बॉट इट टु मेक चकली'च म्हणायचं, 'फॉर मेकिंग' नाही. 'आय हॅव कम हिअर फॉर मीटिंग यू' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ते 'भेटण्यासाठी'तला 'साठी' जसाच्या तसा उचलल्यामुळे, आणि या इमेजने त्या चुकीलाच नियम करून टाकलंय. काही नामांना 'टु' खरंच चालत नाही हेही मान्य, 'हॅबिट टु स्मोक' नाही, 'हॅबिट ऑफ स्मोकिंग'. पण तिथेही 'फॉर' नाहीच की! कुठल्या नामाला काय लागतं ते ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत त्या शब्दाखालीच दिलेलं असतं, मोबाईलवर फुकट बघता येतं, फॉरवर्ड करायला लागतो त्याहून फार वेळ लागत नाही.

आता नियम दोन. हा वाचून मला आधी हसू आलं. 'शी हॅज टू चिल्ड्रन टु फीड' घ्या. दोन पोरांना खाऊ घालायची जबाबदारी आहे बाईवर, इतका साधा अर्थ. आता इमेजने सांगितलेली टेस्ट लावा, 'शी हॅज टू चिल्ड्रन इन ऑर्डर टु फीड'. म्हणजे काय, कुणालातरी खाऊ घालता यावं म्हणून तिने पोरं ठेवलीयेत? 'ही हॅज लोन्स टु रीपे'चंही तेच, फेडायची हौस म्हणून कर्ज काढलं! टेस्टमध्ये नापास होतात म्हणून ही वाक्यं चुकीची ठरवायची तर रोजचं अर्धं इंग्लिश बंद करावं लागेल. 'इन ऑर्डर टु' हे कृतीच्या मागचा हेतू सांगतं, नामाचं वर्णन करत नाही. म्हणून दुधाच्या वाक्यात चालतं, पोरांच्या वाक्यात नाही. टेस्ट उपयोगाचीच आहे, पण ती कोणता 'टु' कुणाचा हे ओळखायला, बरोबर-चूक ठरवायला नाही. त्या माहिती अधिकाराच्या शीर्षकातच पुढे 'इन ऑर्डर टु प्रमोट ट्रान्सपरन्सी' आलंय, तेही स्वल्पविराम देऊन, कारण तिथे हेतू सगळ्या व्यवस्थेमागचा आहे. 'ॲन ॲक्ट'ला मात्र नुसता 'टु' लागलाय. एकाच वाक्यात दोन्ही, आणि दोन्ही आपापल्या जागी.

हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ चं केंब्रिज ग्रामर हे इंग्लिश व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आहे, त्यात 'पेन टु राइट विथ'सारख्या, नामाचं वर्णन करणाऱ्या 'टु'च्या रचनेला सरळ रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे नामाची माहिती देणारं उपवाक्य, म्हटलंय, आणि त्यात 'करता येईल' किंवा 'करायला हवं' असा अर्थ दडलेला असतो असं सांगितलंय. 'बुक टु रीड' म्हणजे वाचता येईल असं किंवा वाचायला हवं असं पुस्तक. चूक वगैरे कुठे काही नाही.

तिसरा नियम जुनाच आहे, जॉन ड्रायडन नावाच्या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या ओळीवर हा आक्षेप घेतला होता, तेव्हापासून लोक तो उगाळतायत. 'अ चेअर टु सिट ऑन' मधलं 'ऑन' काढलं तर खुर्चीवर बसायचंच राहून जातं. फारच सूट-बूट घालायचा असेल तर 'अ चेअर ऑन विच टु सिट' म्हणा, पण 'अ चेअर विच टु सिट ऑन' मात्र म्हणू नका, ते खरंच चूक. आणि 'अ प्लेस टु लिव्ह'ला शेवटी 'इन' नसलं तरी चालतं, प्लेस, टाइम, वे असल्या शब्दांना ती सवलत आहे.

चौथ्याबद्दल एवढंच की 'वर्क टु डू' आणि 'वर्क टु बी डन' दोन्ही बरोबर. फरक पडतो तो 'नथिंग'ला. 'देअर इज नथिंग टु डू' म्हणजे बसून बसून कंटाळा आलाय, 'देअर इज नथिंग टु बी डन' म्हणजे आता काही इलाज उरला नाही. रविवारी दुपारी घरी लोळत असताना दुसरं वाक्य मित्राला पाठवलंत तर तो घाबरून रिक्षा करून येईल.

पाचवा तर काहीच्या काहीच. 'अ चेअर फॉर आजी टु सिट ऑन' यात 'फॉर' आलाय तो बसणार कोण हे सांगायला. वरचं कायद्याचं शीर्षक परत वाचा, 'फॉर सिटिझन्स टु सिक्युअर ॲक्सेस', नागरिकांना माहिती मिळवता यावी म्हणून. तिथला 'फॉर' काढून टाका, मग माहिती कोण मिळवणार ते इमेजवाल्यांनीच सांगावं.