टीव्ही कुठल्या खोलीत लावणार, हे कुणीच का विचारत नाही?

साल २०१०, दुकानांत अजून प्लाझ्माही मिळतायत. टीव्ही घ्यायचाय. एलसीडी (पाठीमागच्या दिव्यांनी उजळणारा) घेऊ की प्लाझ्मा (वायूच्या बारक्या कप्प्यांचा, स्वतःच उजळणारा), एवढाच प्रश्न. आणि या एवढ्याशा प्रश्नाने माझं डोकं उठवलंय. प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे. उत्तर द्यायला सगळे टपलेले आहेत आणि मला काही विचारायला मात्र कुणी तयार नाही, म्हणून. टीव्ही कुठे लावणार? तिथे उजेड किती येतो? बघणार दिवसा की रात्री? सिनेमे जास्त की बातम्या? बसणार किती लांब? निकाल एवढ्यातच लागतो. यातला एकही प्रश्न मला आजवर एकाही विक्रेत्याने विचारलेला नाही. त्यांची सुरुवातच होते ती "प्लाझ्मा आता कोण घेतंय, मॅडम?" इथून. नाहीतर "एलईडी घ्या, एकदम बारीक आहे, भिंतीला शोभून दिसेल." शोभेसाठी घ्यायचाय का मला टीव्ही? मला चित्र बघायचंय!

मुळात दुकानात उभं राहून टीव्ही निवडता येऊच नये, अशीच तिथली मांडणी असते, हे माझं आता ठाम मत झालंय. डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा. भिंतीवर ओळीने टीव्ही, सगळेच्या सगळे भडक मोडवर. त्यांच्यावर तेच ते पोपट, तीच ती फुलं, तेच ते हळू पडणारे पाण्याचे थेंब. या उजेडात एलसीडी झळाळतो, कारण त्याच्या पाठचे दिवे पूर्ण ताकदीने पेटवून ठेवलेले असतात. शेजारचा प्लाझ्मा मलूल दिसतो आणि त्याच्या काचेत वरच्या ट्यूबलाइट लख्ख उमटतात. गिऱ्हाईक लांबून बघतं आणि जे झळाळतंय त्याच्याकडे बोट दाखवतं. मग रात्री घरी दिवे घालवून सिनेमा लावला की कळतं, काळं म्हणून जे दाखवतायत ते राखाडी आहे. तोवर बिल फाटलेलं असतं.

मी रिमोट मागितला. "डेमो मोड लॉक आहे." का लॉक आहे? कुणासाठी लॉक आहे? बराच वाद घातल्यावर एकाने नाइलाजाने तो हातात दिला. मेन्यूत जाऊन 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' केलं आणि पडद्यावरच्या बाईचा लालभडक चेहरा क्षणात माणसाच्या रंगाचा झाला. त्यावर विक्रेता म्हणतो, "बघा, आता डल दिसतंय ना!" डल नाही हो, खरं दिसतंय! माणसाची कातडी अशीच असते!

दुसऱ्या एका ठिकाणी होम थिएटर दाखवायची आतली बंद खोली होती. तिथे एक प्लाझ्मा आणि एक एलसीडी एकाच प्लेअरला जोडलेले. दिवे घालवायला लावले आणि माझी स्वतःची डिस्क लावायला दिली. रात्रीचं दृश्य, चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या. प्लाझ्मावर त्या पट्ट्या फ्रेमच्या काळ्या कडेत पार मिसळून गेल्या. चित्र कुठे संपतं आणि टीव्हीची कड कुठे सुरू होते ते निरखून बघावं लागत होतं. एलसीडीवर त्याच पट्ट्या निळसर राखाडी, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात उजेडाचा एक फिकट डाग. दोन पावलं बाजूला सरकले तर पट्ट्या आणखी पांढुरक्या झाल्या आणि नटाच्या चेहऱ्यावरची अर्धी सावली धुऊन गेली. विचारलं, हे काय? उत्तर आलं, "डिस्क खराब असेल." अहो, तीच डिस्क, त्याच क्षणी, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या टीव्हीवर नीट दिसतेय की! समोर दिसतंय ते दिसत नाही म्हणून मला पढवायला निघाला होता तो माणूस.

बरं, यामागचं कारण सांगायला काही इंजिनियर लागत नाही. एलसीडीत पाठीमागे दिवे पेटलेले असतात आणि पुढचे द्रवस्फटिक त्या उजेडाला खिडकीच्या पडद्यासारखे अडवतात किंवा सोडतात. पडदा कितीही ओढला तरी थोडा उजेड झिरपतोच. प्लाझ्माच्या पाठीमागे दिवाच नसतो. त्याच्या प्रत्येक बारक्या कप्प्यात निऑन आणि झेनॉन असे वायू असतात, त्यातून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला फॉस्फरचा लेप त्याने उजळतो. कप्पा पेटवलाच नाही की जवळजवळ अंधार. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला प्लाझ्मा पडदा बनवला तेव्हापासून मूळ तत्त्व हेच: प्रत्येक कप्पा स्वतःच पेटतो. दोन मिनिटांत सांगून होतं. पण हे सांगितलं तर गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारेल ना!

त्याऐवजी काय सांगतात? आकडे. कार्डावर लिहिलेलं असतं, कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) १०,००,०००:१. शेजारच्यावर २०,००,०००:१. म्हणजे दुसरा दुप्पट चांगला का? अजिबात नाही. हा 'डायनॅमिक' कॉन्ट्रास्ट. पडदा पूर्ण काळा असताना पाठचा दिवा जवळजवळ विझवून एक मोजमाप घ्यायचं, मग पडदा पूर्ण पांढरा करून दिवा पूर्ण पेटवून दुसरं घ्यायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. एकाच चित्रात काळं आणि पांढरं शेजारी शेजारी असेल तेव्हा काय होतं, ते या आकड्यात कुठेच नाही. आणि सिनेमात तर तेच असतं, अंधाऱ्या रस्त्यावर एक दिवा! एकाच चित्रातला खरा कॉन्ट्रास्ट पुष्कळ एलसीडींचा १०००:१ च्या आसपास असतो, चांगल्या पॅनेलचा काही हजार. तो आकडा कार्डावर शोधून दाखवा मला.

हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला किती वेळा त्याचं, तर विचारूच नका. एलसीडीवर १०० हर्ट्झ, प्लाझ्मावर ६०० हर्ट्झ, आणि दोन्ही कार्डं एकाच टायपात शेजारी शेजारी लावलेली. बघणाऱ्याला वाटणार, सहापट वेगवान! वस्तुस्थिती अशी की प्लाझ्मा प्रत्येक फ्रेमचे, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या एकेका चित्राचे, तुकडे करून कप्पे भराभर पेटवतो-विझवतो. सेकंदाला ५० फ्रेम गुणिले १२ तुकडे किंवा ६० गुणिले १०, झाले ६००. एलसीडीच्या १०० हर्ट्झचा अर्थ भलताच आहे: दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने एक फ्रेम रचून घालतो. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि ती मनाने रचलेली फ्रेम चालू ठेवली की चांगला सिनेमा घरगुती व्हिडिओसारखा गुळगुळीत दिसायला लागतो, हे कोण सांगणार? पडद्यावरचा ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो, त्या मिलिसेकंदांचीही तीच गत. २ मिलिसेकंद म्हणे. कुठल्या राखाडीपासून कुठल्या राखाडीपर्यंत मोजले, त्याचा पत्ता नाही. शिवाय एलसीडीवर पळणारा चेंडू अस्पष्ट दिसतो त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची पडद्यावर तशीच धरून ठेवलेली असते आणि आपली नजर मात्र चेंडूबरोबर पुढे सरकलेली असते. मिलिसेकंद कितीही कमी करा, हे त्याने जात नाही.

आणि आता 'एलईडी टीव्ही'. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. एलसीडी, प्लाझ्मा आणि एलईडी, असे तीन प्रकार सांगतात. प्रकार दोनच आहेत! एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. आधी पाठीमागे बारक्या फ्लुरोसंट नळ्या असायच्या, आता त्यांच्या जागी एलईडी बसवले. पडदा तोच, द्रवस्फटिक तेच. २००९ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने याच नावावरून केलेली एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पण दुकानातल्या कार्डांवर काही फरक? शून्य. विक्रेत्याला विचारलं, दिवे पूर्ण पाठीमागे आहेत की फक्त कडेला? तो माझ्याकडे बघतच राहिला. बहुतेक बारीक टीव्हींत ते कडेलाच असतात, म्हणून तर तो बारीक होतो, आणि म्हणूनच काळ्या पडद्यावर कडेकडेने उजेड सांडतो. एलईडीने वीज कमी लागते, हे खरं. मग तेवढं सांगा. "तिसरी टेक्नॉलॉजी" कशाला सांगता?

प्लाझ्माबद्दल पसरवलेल्या थापा तर ऐकवत नाहीत. "दोन वर्षांनी गॅस संपतो, परत भरावा लागतो." कुणी भरलाय? वायू काचेच्या दोन पत्र्यांमध्ये कायमचा सीलबंद असतो, तो भरायची सोयच नसते. "लवकर मरतो." कंपन्या निम्मी चमक व्हायला ६०,००० तास ते १,००,००० तास सांगतात, रोज सहा तास धरले तर ६०,००० तासांना २७ वर्षं लागतात. कंपनीचा आकडा निम्मा खोटा धरला तरी पुष्कळ झालं. "पडद्यावर डाग पडतात." हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच नीट सांगायला हवं. दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावून ठेवलं तर खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो यांचा ठसा उमटू शकतो. जुन्या चौकोनी आकाराचे कार्यक्रम कडेला काळ्या पट्ट्या ठेवून वर्षभर बघितले तर मधला भाग जास्त झिजतो. तासन् तास एकच गेम खेळणाऱ्याला हाच धोका. पहिले काहीशे तास जास्त जपायचे, कॉन्ट्रास्ट खाली ठेवायचा. ज्या घरात बातम्या सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात त्यांनी प्लाझ्मा घेऊ नये, मी स्वतः सांगेन त्यांना. पण त्यासाठी आधी विचारावं लागतं ना, की बाबा, तुमच्या घरी काय लागलेलं असतं?

प्लाझ्मावालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. बर्फाचं किंवा क्रिकेटच्या उजळ मैदानाचं दृश्य आलं, पडदा बराचसा पांढरा झाला, की वीज आवरायला प्लाझ्मा आपोआप चमक कमी करतो. हे कुणी सांगितलं? वीज जास्त लागते, टीव्ही चांगलाच तापतो, वजन जास्त. समोर खिडकी असेल तर दुपारी पडद्यावर खिडकीच बघत बसा. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांच्या प्लाझ्मातून हवेचा दाब कमी असल्याने भुणभुण ऐकू येऊ शकते. माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत उंचीची मर्यादा छापलेली सापडते, पण ते पुस्तक हातात पडतं पैसे भरल्यावर. विजेच्या बाबतीतही उलटसुलट सांगतात. लेबलवर असतो तो प्लाझ्माचा कमाल आकडा; अंधाऱ्या दृश्याला तो त्याहून बरीच कमी वीज घेतो. साध्या एलसीडीच्या नळ्या चित्र काळं असो की पांढरं, जवळपास सारखीच खातात. मग सरासरी छापा की!

रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं त्याचा, घोळ वेगळाच. ४२ इंची प्लाझ्मावर 'एचडी रेडी' लिहिलेलं, आणि आत १०२४ बाय ७६८. रुंद पडद्यावर हा आकडा बसवायला पिक्सेल, म्हणजे ते ठिपके, चौरस न ठेवता आडवे ताणलेले असतात. ते चालतं, चित्र वाईट दिसत नाही, पण सांगा तरी. आणि एलसीडीवाले 'फुल एचडी, फुल एचडी' (म्हणजे १०८० ओळी) म्हणून जास्तीचे पैसे काढतात. साध्या चांगल्या नजरेला ४२ इंची पडद्यावरच्या १०८० ओळी वेगळ्या कळायच्या तर साधारण १.७ मीटरवर बसावं लागतं. अडीच मीटरच्या पलीकडे ७२० आणि १०८० यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. तीन मीटरवर सोफा असलेल्या घराने हे जादा पैसे कशासाठी मोजायचे? त्यातून रोजचं चॅनेल येतं ४८० किंवा ५७६ ओळींचं. ते ताणून मोठ्या पडद्यावर हा टीव्ही कसं दाखवतो, हे खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं. "साधं चॅनेल लावा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "इथे कनेक्शन नाही." घरी जाऊन ऐंशी टक्के वेळ जे बघायचं, नेमकं तेच दुकानात दाखवत नाहीत!

याचा परिणाम काय होतो ते बघा. पायोनियरच्या 'कुरो' प्लाझ्माचा काळा रंग जाणकारांनी डोक्यावर घेतला होता, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कारणं अनेक असतील, महाग होताच तो. पण ट्यूबलाइटखाली काळा रंग विकता येत नाही, हेही त्यातलं एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं. अंधारात सिनेमा बघणाऱ्या माणसाच्या वाटणीची चांगली वस्तू उजेडातल्या भिंतीवर हरतेय आणि तिची बाजू मांडायला कुणी नाही. आता थ्रीडीचं नवं खूळ आलंय, म्हणजे कार्डावर आणखी चार आकडे वाढणार.

मला प्लाझ्मा हवाय. माझी खोली अंधारी आहे, मी रात्री बघते, सिनेमे बघते, अडीच मीटरवर बसते. माझ्या बहिणीच्या घरी दिवसभर ऊन आणि दिवसभर बातम्या, तिने एलसीडीच घ्यावा. हे ठरवायला मला पुस्तकं चाळावी लागली, दुकानात भांडावं लागलं, खोटारडेपणा ऐकून घ्यावा लागला. एक माणूस खुर्ची ओढून समोर बसला असता आणि त्याने पाच प्रश्न विचारले असते तर हे दहा मिनिटांत झालं असतं. आणि आता ठरल्यावर ऐकायला काय मिळतंय? "हे मॉडेल स्टॉकमध्ये नाही, मॅडम. त्याच पैशात एलईडी देऊ का?"