‘या वयात कुठे जर्मन शिकता?’ याला उत्तर

मुलांकडे जर्मनीत राहायला निघालेल्या आईबाबांना कुणी ना कुणी एक संदेश पाठवतंच. साठीनंतर परकी भाषा डोक्यात शिरत नाही, तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, उरलंसुरलं मोबाइल भाषांतर करून देतो, मुलं आहेतच, आणि शेवटी परतच यायचंय, मग कशाला डोकेफोड? यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटकन पटतो आणि पुढे पाठवला जातो.

‘साठीनंतर भाषा येत नाही’ म्हणणारे २०१८ सालच्या एका मोठ्या अभ्यासाचा हवाला देतात. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा-अठराव्या वर्षानंतर उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता. पण तिथे मोजपट्टी होती जन्मभाषकासारख्या अचूक व्याकरणाची. आजोबांना बर्लिनमध्ये जन्मल्यासारखं बोलायचं नाहीये, औषधाच्या दुकानात दोन वाक्यं बोलायची आहेत. उलट बाजूचा ‘भाषा शिका, स्मृतिभ्रंश टाळा’ हा प्रचारही आम्हाला पटत नाही. त्यामागचा बराचसा पुरावा आयुष्यभर दोन भाषा बोलणाऱ्यांचा आहे, साठीनंतर शिकायला बसलेल्यांचा नाही.

वयामुळे खरी अडचण होते ती कानांची. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, श, फ. जर्मनमध्ये नेमकी त्यांचीच गर्दी. शब्द नीट ऐकूच येत नाही आणि दोष स्मरणशक्तीच्या माथी बसतो. म्हणून क्लास लावण्याआधी कान तपासून घ्या. दुसरी चूक बॅच निवडण्यात होते. पुण्या-मुंबईत ‘ए-वन’च्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या, वर्गात बहुतेक मुलं परीक्षेसाठी आलेली असतात आणि वेग त्यांचा असतो. सासष्ट वर्षांचा माणूस तिथे तिसऱ्या आठवड्यात मागे पडतो आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून वही मिटतो. त्यापेक्षा एकट्याने किंवा तिघाचौघांत शिकावं, रोज अर्धा तास, मोठ्याने बोलून. नवा शब्द दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा म्हणायचा. उच्चार देवनागरीत लिहावेत, रोमनपेक्षा ते जवळ जातात. ‘फ्युन्फ’ (पाच) मधला स्वर मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी ‘ई’ म्हणता म्हणता ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे.

आणि मराठी माणसाकडे बरंच भांडवल आधीच असतं. तो-ती-ते आहे, त्यामुळे नामाआधी लिंगानुसार येणाऱ्या डेअर-डी-दासचं नवल वाटत नाही (कुठल्या शब्दाला कुठलं, हे मात्र पाठच करावं लागतं). तू आणि तुम्ही म्हणजे डू आणि झी. ‘झेड’ अक्षराचा उच्चार आपल्या ‘चांगला’मधल्या च सारखा, ‘चार’मधल्या च सारखा नव्हे. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मनही ‘एक आणि वीस’ असंच म्हणतो. अडखळतात ते आकडे मनात इंग्रजीतून म्हणणारे. घड्याळाचंही तसंच. दवाखान्यातून ‘हाल्ब द्राय’ची वेळ मिळाली की इंग्रजीच्या सवयीने लोक साडेतीनला पोचतात आणि वेळ हुकते. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, तिसरा तास अर्धा झाला. आपला ‘अडीच’ मुळात ‘अर्धतृतीय’च. हिशेब तोच.

‘सगळ्यांना इंग्रजी येतं.’ डॉक्टरांना बहुधा येतं. फोन उचलणाऱ्या, वेळ देणाऱ्या मदतनीसबाईंना येईलच असं नाही. लाइपझिग किंवा ड्रेस्डेनमधल्या सत्तरीच्या शेजाऱ्यांनी तर शाळेत पहिली परकी भाषा म्हणून रशियन शिकलेली असते. शिवाय जर्मनमध्ये ‘जे’ अक्षराचा उच्चार य होतो. प्रतीक्षागृहात ‘फ्राउ योशी’ असा पुकारा झाला की जोशीकाकूंना तो आपला वाटत नाही, नंबर निघून जातो. स्वतःचं आडनाव जर्मन अक्षरांत सांगता यायला हवं: योट, ओ, एस, हा, ई. पाच मिनिटांचं काम आहे.

मोबाइलचं म्हणाल तर तो जरूर वापरा. पत्र, मेनू, औषधाच्या खोक्यातला कागद यांवर कॅमेरा धरला की भागतं. फलाट ऐनवेळी बदलल्याची घोषणा होते तेव्हा मात्र तो खिशात असतो. आणीबाणीच्या ११२ ला फोन लावला की भाषांतर करायचं ते यंत्रच कानाला लावलेलं असतं. आधी विचारतात ‘कुठे?’ जर्मनीत बहुतेक इमारतींमध्ये फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आडनाव असतं. म्हणून रस्ता, घर क्रमांक, मजला आणि बेलवरचं नाव याच क्रमाने पाठ करा, आणि सोबत एक वाक्य: ‘वीअर ब्राउखन आइनन रेटुंग्सवागन’, आम्हाला रुग्णवाहिका हवी आहे. जिवाला धोका नसेल पण दवाखाना बंद असेल, तर ११६११७. फोनवर दोनला ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात, तीनच्या ‘द्राय’शी घोटाळा नको म्हणून.

‘मुलं आहेतच.’ असतात, पण दिवसा ऑफिसात. आणि लघवीचा त्रास सुनेच्या तोंडून डॉक्टरांना सांगायचा म्हटलं की बाबा अर्धी लक्षणं गिळतात. रक्ततपासणीला ‘न्युश्टर्न’ या, असं सांगतात. म्हणजे उपाशीपोटी. तो एक शब्द कळला नाही की चहा पिऊन गेलेला माणूस परत पाठवला जातो.

राहता राहिलं ‘परतच यायचंय’. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले, तेव्हा दोन्ही बाजूंनी हेच धरून चालले होते. भाषा शिकवायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. सरकारचा आजचा ६०० तासांचा भाषावर्ग २००५ मध्ये आला. अनेक जण तिथेच म्हातारे झाले, आणि जून २०२४ पासून लागू झालेल्या नागरिकत्व कायद्यात त्या पिढीला लेखी परीक्षेतून सूट द्यावी लागली. बोलता आलं की पुरे.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तेवढ्यासाठी ‘ए-वन’ची गरज नाही. शंभरपर्यंत आकडे, घड्याळ, आडनावाची अक्षरं, औषधाच्या वेळा आणि ११२ चं वाक्य, चार आठवडे बास. पण १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांनाही राहायला बोलावण्याची वाट खुली झाली आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांनी निघण्याआधी निदान तीन महिने सुरुवात करावी. तिथे पोचल्यावर जवळच्या ‘फोल्क्सहोखशूल’मध्ये, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, ज्येष्ठांसाठी संथ गतीचा वर्ग आहे का, हे विचारावं. तिथे शेजारच्या बाकावर बहुधा कुणाची तरी आजीच असते.