गाडीखालचा ‘ठक’ शोधायचा कोणी?

गेले अडीच महिने माझ्या फोर बाय फोर गाडीच्या पोटाखाली कोणीतरी हातोडीने ठोकत होते, आणि तो आवाज नेमका कशाचा आहे हे शोधून काढण्याऐवजी पुण्यातल्या तीन गॅरेजांनी माझ्याकडून एकूण १८,६०० रुपये घेऊन गाडीचे धडधाकट भाग उतरवले आणि त्यांच्या जागी नवे बसवले. आवाज मात्र होता तिथेच आणि होता तसाच राहिला.

हा आवाज काही गूढ नव्हता. तो कधी येतो आणि कधी येत नाही याची सविस्तर नोंद मी एका कागदावर करून प्रत्येक गॅरेजमध्ये दिली होती. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की एकदा ‘ठक’. रिव्हर्स टाकून मागे निघालो की पुन्हा एकदा ‘ठक’. त्याच दिशेने कितीही वेळ चालवली तरी शांतता. मात्र ब्रेक लावला किंवा दिशा बदलली की पुन्हा ‘ठक’. केळदकडून मढे घाटाच्या बाजूला दगडांवरून गाडी रांगत नेली की दर चार हातांवर ‘ठक’, आणि महामार्गावर ताशी ८० च्या वेगाला अगदी चिडीचूप. दिशा बदलताना एकदाच वाजून गप्प बसणारा आवाज म्हणजे काहीतरी जागचे सरकते आहे आणि सरकलेल्या जागी टेकून राहते आहे, हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तो कागद कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. जॉब कार्डवर तिन्ही ठिकाणी एकच ओळ लिहिली गेली: ‘खालून आवाज’.

पहिल्या ठिकाणी, म्हणजे चकचकीत काचांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, समोरच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर अर्धा किलोमीटर ‘ट्रायल’ मारण्यात आली. दिशा बदलताना आणि दगडांवर वाजणारा आवाज सरळ, गुळगुळीत रस्त्यावर आला नाही, याचे तिथे सर्वांनाच मोठे समाधान वाटले. नंतर गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवून, चारही चाके हवेत लोंबकळत असताना, एका मुलाने प्रत्येक चाक हाताने हलवले आणि ‘प्ले नाही’, म्हणजे कुठे ढिलाई नाही, असा निर्वाळा दिला. अहो, जो दोष दोन टन वजन आणि इंजिनाची ओढ पडल्यावर बोलतो, तो लोंबकळणाऱ्या चाकाला हाताने हलवून कसा बोलेल? वजन चाकांवर ठेवून, गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन, पहार लावून एकेक जोड उचकून पाहायचा असतो, आणि ते काम कपडे खराब करणारे असते. त्यापेक्षा धक्के शोषणारे मागचे दोन्ही शॉकअप बदलणे सोपे, कारण त्याचे बिल लगेच ७,८०० रुपयांचे होते.

दुसऱ्या गॅरेजने प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ओढ चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, सांधे (क्रॉस) बदलले आणि ४,६०० रुपये लावले. जुने क्रॉस मी मागून घेतले आणि बोटांत धरून फिरवले, तर ते लोण्यासारखे फिरत होते. तिसऱ्याने सांध्यांतले रबरी बुश आणि जोडदांडे (लिंक) बदलून ६,२०० रुपये घेतले, आणि वर गाडी लिफ्टवर असतानाच, चाके लोंबकळत असतानाच, बुशांचे बोल्ट करकचून आवळले. रबरी बुश गाडीचे वजन चाकांवर आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि अकाली फाटते. ही गोष्ट मी नम्रपणे सांगितली, तेव्हा ‘साहेब, आम्ही वीस वर्षं हेच करतोय’ असे उत्तर मिळाले. म्हणजे वीस वर्षे लोकांचे बुश अकाली फाटत असणार, आणि ते बदलायलाही लोक त्यांच्याकडेच येत असणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हा या सगळ्यांचा एकमेव निदानशास्त्रीय सिद्धान्त आहे.

मित्रमंडळींचे सल्ले हा आणखी एक छळ. ‘जॅक आणि पाने नीट बांधलेत का बघ’, हे मला किमान नऊ जणांनी सांगितले. बांधले होते. पहिल्याच दिवशी सगळे बाहेर काढून, स्टेपनीसुद्धा उतरवून, गाडी चालवून पाहिली होती.

शेवटी वैतागून मीच एका रविवारी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून जाड ओंडके लावले, मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या ॲक्सलजवळ जमिनीवर फोन टेकवून चित्रीकरण सुरू केले, हँडब्रेक सोडला आणि क्लच अर्धवट सोडत गाडी एकदा पुढे, एकदा मागे रेटली. चित्रीकरणात जे दिसले त्याने माझे डोके अक्षरशः भणाणले. डावीकडे ॲक्सल पाट्यांखाली, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या पोलादी पानांच्या स्प्रिंगखाली, बोटाच्या पेराएवढा पुढे-मागे सरकत होता. ॲक्सल पाट्यांना बांधून ठेवणाऱ्या यू बोल्टचे नट सैल झाले होते, पाट्यांची पाने एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके तुटले होते, आणि त्या जागेभोवती गंजाची तांबूस भुकटी व घासून चकाकलेले लोखंड इतके स्पष्ट होते की टॉर्च मारून वाकलेल्या कोणत्याही माणसाला ते दिसले असते. तीन गॅरेज, अडीच महिने, आणि टॉर्च घेऊन वाकणारा एकही माणूस नाही!

आता सगळ्यात संतापजनक भाग. मागच्या वर्षी मी पाट्यांना एक जास्तीचे पान टाकून घेतले होते. पाटे सोडले की यू बोल्ट नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर, पाने बसल्यावर, ते पुन्हा आवळावेत, हा या धंद्यातला साधा नियम आहे. ते काम करणाऱ्याने जुनेच बोल्ट वापरले आणि पुन्हा आवळण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या अवस्थेत मी बायको आणि आईला घेऊन वरंध घाट उतरलो होतो. एका बाजूचा ॲक्सल सरकला की मागची चाके तिरकी होतात आणि गाडी स्वतःच वळायला लागते. त्या दिवशी वळणांवर गाडी मागून ओढल्यासारखी का वाटत होती, याचा उलगडा मला आता झाला.

दुरुस्ती केली महामार्गालगत ट्रकचे पाटे बांधणाऱ्या एका वयस्कर कारागिराने. त्यांनी खाली वाकून ती तांबूस भुकटी बोटाला लावून पाहिली आणि ‘परत आवळले नव्हते ना, साहेब?’ एवढेच विचारले. चार नवे यू बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, मजुरीसह १,४५० रुपये. गाडी जमिनीवर ठेवून त्यांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले नट आलटून-पालटून आवळले, प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि ५०० किलोमीटरनंतर परत यायला बजावले.

काल त्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. आवाजाच्या तक्रारीबाबत मी एक ते दहापैकी किती समाधानी आहे, असे त्यांनी विचारले. मी काही बोलण्याआधीच त्या बाईंनी पुढचे वाक्य वाचून दाखवले, की या महिन्यात पुढच्या शॉकअपच्या जोडीवर सवलत आहे.