जाड तेल, जुने पेट्रोल आणि अर्धे उघडे दार

मिनेसोटातल्या आमच्या मराठी मंडळींत दर नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या सुमारास, स्नोब्लोअरविषयीचा, म्हणजे बर्फ उडवून बाजूला टाकणाऱ्या पेट्रोलच्या यंत्राविषयीचा, एक सल्ला न चुकता फिरतो. थंडीत इंजिनाला जाड तेल घालावे. पेट्रोल गोठत नाही, तेव्हा उन्हाळ्यात गवत कापून उरलेलेच वापरावे. आणि गॅरेजचे दार अर्धे उघडून दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालवावे, असा त्याचा आशय आहे. यातले पहिले दोन मुद्दे यंत्राच्या मुळावर येणारे आहेत आणि तिसरा माणसाच्या.

जाड तेलाचा आग्रह बहुधा आपण गावाकडून आणला असावा. चाळीस अंशांच्या उन्हात मोटरसायकलला २०डब्ल्यू-४० हे जाड तेल ठीकच असते, पण उणे वीस अंशांत तेच तेल काकवीसारखे होते, इंजिन सुरू करायची दोरी ओढताना खांदा निखळेलसे वाटते, आणि इंजिन सुरू झालेच तरी घासणाऱ्या भागांपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. थंडीतल्या ५डब्ल्यू-३० या तेलाच्या नावातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचाच आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत वाहते राहते.

पेट्रोल गोठत नाही हे खरे, पण प्रश्न गोठण्याचा नसून वाफ होण्याचा आहे. पेटते ती वाफ, आणि उन्हाळी पेट्रोल मुद्दाम कमी वाफ होईल असे बनवलेले असते. येथील पंपांवर हिवाळी पेट्रोल १५ सप्टेंबरनंतर येऊ लागते. शिवाय १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, आणि थंडीत त्याची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटल्यामुळे पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी, म्हणजे नेमका कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, बसू शकतो. एकदा मीही जुनेच पेट्रोल वापरण्याचा आळस केला होता. कार्ब्युरेटरची वाटी खोलली तेव्हा आत पिवळसर चिकट राप होता, आणि ज्यातून शिवणाची सुई जेमतेम जाईल ते जेटचे, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या तोटीचे, भोक पूर्ण बुजले होते. ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन) मिसळून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. जुन्या पेट्रोलला त्याने नवे करता येत नाही.

पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. जळणातून निघालेले पाणी आत तेलातच राहते आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीत गोठले तर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. चालवायचेच तर पुरते तापेपर्यंत चालवावे, आणि तेही गॅरेजात नव्हे. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि दार अर्धे काय, सताड उघडे ठेवले तरी तो आत साचू शकतो व गॅरेजला लागून असलेल्या घरात शिरू शकतो. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने वर्षाला ४०० हून अधिक माणसे दगावतात. यंत्र ढकलत घरापासून दूर न्यावे, सायलेन्सरचे तोंड दाराखिडक्यांकडे नाही हे पाहावे, आणि मगच चोक लावून दोरी ओढावी.