प्लॅटिनम टिकवतं कोण?

आज ग्रुपवर एकाने ओरॅकल पार्क या बेसबॉल स्टेडियममधल्या भाजीच्या वाफ्यांसमोरचा सेल्फी टाकला. 'काय ग्रीन स्टेडियम आहे राव!' आणि लगेच खाली तक्रार, पार्किंगला किती डॉलर गेले त्याची. गाडीत हा एकटाच. डोकं फिरलं माझं.

अरे, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचं हे मैदान कॅलट्रेनच्या, म्हणजे इथल्या लोकल गाडीच्या, शेवटच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्युनीची, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेची, ट्रामही जवळच थांबते. वानखेडेला आपण चर्चगेटवरून चालतच जायचो ना? या मैदानाचं मोठेपण त्यात आहे. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम बघा, भोवती सुमारे सोळा हजार गाड्या मावतील एवढं नुसतं डांबर.

सोलर पॅनेल 2007 पासून आहेत, मान्य. लीडचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं, सिल्व्हर 2010 मध्ये, गोल्ड 2015 मध्ये आणि सगळ्यात वरचं प्लॅटिनम 2019 मध्ये. तेही कोणी फुकट देत नाही.

पण ते टिकवतं कोण? मागच्या मॅचनंतर कचऱ्याच्या डब्यांपाशी एक बाई उभ्या होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. कंपोस्टच्या डब्यात कोणीतरी नाचोजचा अख्खा ट्रे कोंबला होता, केचपच्या पुड्यांसकट. बाई वाकून एकेक पुडी वेचत होत्या, हातमोजे चीजने बरबटलेले. शेजारून शेकडो माणसं गेली, त्यात आपलेही होते. एकाने मान वळवून पाहिलं नाही. डब्यांवर चित्रं असतात, रंग वेगळे असतात, सगळे शिकलेसवरलेले. लाज कशी वाटत नाही?

लगेच कोणीतरी म्हणेल, संघ वर्षाला 81 मॅचेस बाहेर खेळतो, विमानाने फिरतो, तिथे माझ्या एका पुडीने काय होतंय? बरं, मुद्दा खरा आहे. पण विमानाचं मी काही करू शकत नाही, आणि ती पुडी त्या बाईंना वेचावी लागते.

सेल्फीवाल्या मित्रा, तुझ्यावर राग नाही रे. बॉलपार्कात भाजी उगवलेली बघून मलाही भरून येतं, मुलं तर तिथून हलत नाहीत. फक्त तो ट्रे टाकताना दोन मिनिटं थांब, पुड्या वेगळ्या कर, बाई दिसल्या तर दोन शब्द बोल.

पुढच्या शनिवारी मी सनीवेलहून कॅलट्रेनने निघतोय, आता ती विजेवर धावते. परतताना गर्दी असते, पोरं पेंगतात, माहीत आहे. तरी या. कोण कोण येतंय ते खाली लिहा, एकत्रच बसू.