‘रोज दोन तास ठिबक’: फिरत्या मेसेजमधल्या सहा सल्ल्यांना उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की शेतीच्या ग्रुपवर पाण्याचा एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मुद्दे तेच असतात. भाजीपाला असो की फळबाग, ठिबक रोज दोन तास चालवा. दुपारी पाणी देऊ नका, पानावरचे थेंब भिंगाचं काम करतात आणि पानं जळतात. पान मलूल दिसलं की लगेच मोटर सुरू करा. पाणी थेट बुंध्याशी पडू द्या. माल वजनदार हवा असेल तर काढणीपर्यंत पाणी तोडू नका. आणि ठिबक बसवलं की निम्मं पाणी वाचलंच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण यातले काही सल्ले पीक आजारी पाडणारे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

‘रोज दोन तास’ हा त्यातला सगळ्यात घातक. ऐकायला सोपा, लक्षात राहणारा, म्हणूनच जास्त पाळला जाणारा. आता टोमॅटोचा एक प्लॉट घ्या. गादीवाफे पाच फुटांवर, प्रत्येकावर एक इनलाइन नळी, म्हणजे आतच ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) बसवलेली, ड्रिपर 40 सेंटिमीटरवर. म्हणजे एका ड्रिपरच्या वाट्याला 0.6 चौरस मीटर जमीन आली. ड्रिपर ताशी 2 लिटरचा असेल तर तासाभरात जमिनीला 3.3 मिलिमीटर पाणी मिळतं. ताशी 4 लिटरचा असेल तर 6.7 मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे एकराला साधारण 4,000 लिटर. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांनी हाच मेसेज वाचून दोन-दोन तास मोटर चालवली, पण एकाचे ड्रिपर 2 लिटरचे आणि दुसऱ्याचे 4 लिटरचे असले, तर एकाच्या टोमॅटोला दुसऱ्याच्या दुप्पट पाणी गेलेलं असेल.

आता पिकाला लागतं किती ते बघू. बाष्पीभवन पात्रातून, म्हणजे हवामान केंद्रावरच्या पाण्याच्या उघड्या भांड्यातून, दिवसाला जितके मिलिमीटर पाणी उडतं त्याला साधारण 0.7 ने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला पिकाच्या गुणांकाने. टोमॅटोचा हा गुणांक लागवडीनंतर 0.6 च्या आसपास असतो, फळं भरताना 1.15 पर्यंत जातो. समजा फेब्रुवारीत पात्रातून 6 मिलिमीटर उडतंय. लहान रोपांना अडीच मिलिमीटर पुरतं, म्हणजे ताशी 2 लिटरच्या ड्रिपरवर पाऊण तास. तेच पीक भरात असेल तर दीड तास. मे महिन्यात कडक उन्हात 12 मिलिमीटर उडू लागलं की भरातल्या टोमॅटोला पावणेदहा मिलिमीटर लागतं, म्हणजे जवळजवळ तीन तास. त्यामुळे ‘दोन तास’ पाळणारा फेब्रुवारीत कोवळ्या रोपांना अडीचपटीपेक्षा जास्त पाणी पाजतो आणि मे महिन्यात, ऐन फळं फुगताना, पिकाला एक तृतीयांश तहानलेलं ठेवतो. एकाच सल्ल्याने दोन्हीकडून मार.

फेब्रुवारीतलं ते जादा पाणी मुळांच्या खाली उतरतं आणि जाताना ठिबकमधून सोडलेल्या युरियाचं नत्र नायट्रेटच्या रूपात सोबत घेऊन जातं. खताचे पैसे मुळांच्या कक्षेबाहेर गेले. भारी काळ्या जमिनीत तर पाणी लवकर खालीही जात नाही. मातीतल्या पोकळ्या भरून बसतं, हवा बाहेर ढकलतं. मुळांना श्वास घ्यायला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही, लागतो, चिखल नाही. चुनखडीच्या जमिनीत सतत ओल राहिली की नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं चित्र दिसतं. लोह जमिनीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. मग फेरस सल्फेटची फवारणी सुरू होते, आणि मोटर मात्र तेवढीच चालत राहते. कृष्णाकाठच्या शिरोळ-वाळवा भागात उसाखालच्या जमिनी क्षारपड झाल्या त्यात अतिपाण्याचा वाटा किती मोठा आहे, हे तिथला कुठलाही शेतकरी सांगेल.

मुरमाड, हलक्या जमिनीत रोज थोडं थोडं पाणी देणं योग्यच आहे, कारण ती जमीन पाणी धरत नाही. तिथे ठिबकचा ओलावा आडवा पसरण्याऐवजी सरळ खाली जातो. काळ्या जमिनीत तो आडवा पसरतो आणि टिकतो. दोघींना एकच वेळापत्रक लावणं हीच मूळ चूक.

मग ठरवायचं कसं? रोजचं बाष्पीभवन सगळ्यांना कळेलच असं नाही. पण खुरपं प्रत्येकाकडे असतं. ड्रिपरच्या अगदी खाली उकरू नका, तिथे ओल असणारच. थेंबापासून वीतभर बाजूला, वीतभर खोल उकरा आणि तळाची मूठभर माती घ्या. भारी जमीन असेल तर मुठीत दाबा. माती बोटांना चिकटली आणि दाबल्यावर पाणी चमकलं, तर आज मोटर बंद ठेवा. गोळा नीट झाला आणि अंगठा-तर्जनीत दाबल्यावर त्याची पट्टी निघाली, पण हात ओला झाला नाही, तर वाफसा आहे. पट्टी निघेनाशी झाली आणि गोळा सैल होऊ लागला की पाण्याची वेळ झाली. ढेकळासारखी कडक लागत असेल किंवा भेगा पडल्या असतील तर उशीर झालाय. आता एकदम भरपूर पाणी सोडलं तर ते भेगांतून खालीच जाईल. वाफ्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी हे केलं तरी दहा-पंधरा मिनिटांच्या वर वेळ जात नाही.

कांद्याची मुळं उथळ असतात, म्हणून त्याला वीतभर खोलीपर्यंतची ओल महत्त्वाची आणि पाणी थोडं लवकर द्यावं लागतं. संत्र्याचं झाड जमिनीतला निम्मा उपलब्ध ओलावा संपेपर्यंत तग धरतं, कांदा एक तृतीयांश संपला की कुरकुरू लागतो. ‘भाजीपाला असो की फळबाग’ हे शब्द लिहिणाऱ्याने हा फरक लक्षातच घेतलेला नाही.

भिंगाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही, कारण तो तपासला गेला आहे. हंगेरीतले भौतिकशास्त्रज्ञ गाबोर होरवाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पानावर काचेचे गोल मणी ठेवले तर पान उन्हात जळतं, पण गुळगुळीत पानावरच्या पाण्याच्या थेंबाने जळत नाही. थेंब पानावर चपटा बसतो, किरण एकवटतात ती जागा पानाच्या खाली जाते, शिवाय पाणी पानाला थंडही ठेवतं. दाट मेणचट केस असलेल्या एका पाणवनस्पतीच्या पानांवर मात्र थेंब केसांवर उचललेला राहतो आणि तिथे डाग पडू शकतो, हेही त्यांनी दाखवलं. राहिला प्रश्न ठिबकचा, तर त्यात पानाला पाणी लागतच नाही.

दुपारी तुषार सिंचन न चालवण्याची खरी कारणं वेगळी आहेत. ऊन-वाऱ्यात बरंच पाणी उडून जातं, आणि बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर थेंब सुकल्यावर पानावर मीठ राहतं आणि कडा करपतात. ते डाग बघूनच कुणीतरी भिंगाची गोष्ट जुळवली असावी. या समजुतीचा खरा तोटा असा की लोक तुषार संध्याकाळी उशिरा लावतात. पानं रात्रभर ओली राहतात, मग काकडीवर केवडा आणि कांदा-टोमॅटोवर करपा हे रोग यायला आयतं निमित्त मिळतं. तुषार दुपारी नको, एवढं त्या मेसेजमधलं बरोबर आहे; सकाळची वेळ सगळ्यात बरी. आणि नुकतं लावलेलं रोप दुपारी कोरड्या मातीत कोमेजत असेल तर संध्याकाळची वाट न बघता लगेच मुळाशी पाणी द्या.

‘पान मलूल दिसलं की मोटर’ हा सल्ला ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण तो घाबरलेल्या माणसाला चुकीच्या दिशेला धाडतो. काकडी, दोडका, भोपळा यांची मोठी पानं एप्रिलच्या दुपारी दोनला मान टाकतातच. मुळं उचलतील त्याहून जास्त पाणी पानातून उडत असतं. जमिनीत ओल असेल तर ऊन उतरल्यावर तीच पानं पुन्हा ताठ होतात. म्हणून पान दुपारी बघू नका, पहाटे बघा. पहाटेही मलूल असेल तर खुरपं घ्या. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर एक झाड उपटून मुळं बघा. पांढरी मुळं तपकिरी झाली असतील, चिमटीत धरून ओढल्यावर त्यांची साल सुटून हातात येत असेल, तर मुळं कुजली आहेत. त्या झाडाला आणखी पाणी देणं म्हणजे शेजारच्या झाडापर्यंत रोग पोचवणं.

बुंध्याशी पाणी देण्याबद्दल वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना वेगळं सांगायला नको. बुंधा सतत ओला राहिला की फायटोफ्थोरा बुरशी सालीत शिरते, साल तडकते, डिंक वाहू लागतो. हाच डिंक्या. आळं करून बुंध्याला पाणी टेकवायच्या सवयीने तो वाढतो. म्हणून संत्र्याला दुहेरी आळ्याची शिफारस आहे: बुंध्याभोवती आतलं वर्तुळ मातीचा भर देऊन कोरडं ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या वर्तुळात सोडायचं. पाणी शोषणारी बारीक मुळं तशीही झाडाच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूला जास्त असतात. ठिबक असेल तर झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवावे लागतात आणि वाढवावेही लागतात. लागवडीच्या वर्षी बुंध्याजवळ लावलेले दोन ड्रिपर पाच वर्षांनीही तिथेच दिसतात, तेव्हा झाडाची अर्धी मुळं कोरडी असतात आणि बुंधा ओला. डाळिंबातल्या मर रोगालाही अशी सततची ओल पोषक ठरते.

रोज पाणी देण्याच्या सल्ल्याचा फळबागेत आणखी एक फटका बसतो तो बहाराला, म्हणजे फुलोऱ्याला. आंबिया (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) बहारासाठी संत्र्याला, आणि बहार धरताना डाळिंबालाही, पाणी तोडून ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत जास्त दिवस लागतात. ताण नीट बसला नाही तर फूट पालवीची येते, फुलं विरळ. आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, मग टप्प्याटप्प्याने वाढवायचं.

काढणीपर्यंत पाणी न तोडण्याचा मुद्दा टोमॅटो आणि डाळिंबाबाबत अर्धा बरोबर आहे. डाळिंब बऱ्याच दिवसांच्या कोरडेपणानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की तडकतं. टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो, तो पाणी कमी-जास्त झाल्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम नीट न पोचल्याने. तिथे सातत्य हवंच. पण हाच सल्ला उन्हाळी साठवणीच्या कांद्याला लावला तर वर्षाचं उत्पन्न चाळीत सडतं. माना पडू लागल्या की, म्हणजे काढणीच्या 10 ते 15 दिवस आधी, कांद्याचं पाणी तोडायचं. शेवटपर्यंत पाणी पाजलेला कांदा काट्यावर थोडा भरतो, पण त्याची मान जाड आणि ओली राहते, चाळीत तो लवकर सडतो, कोंब काढतो.

ठिबकने पाणी वाचतं का? वाचतं, पण बसवल्याने नाही, नीट चालवल्याने. रात्रीची वीज असली की माणूस ऑटो स्टार्टर लावून झोपतो, आणि एकच व्हॉल्व्ह लाईट जाईपर्यंत उघडा राहतो. यात त्याचा दोष काढता येत नाही. रात्री दोनला साप-विंचवाच्या वाटेने व्हॉल्व्ह फिरवायला कोण जाणार? जमेल तिथे टायमर किंवा शेततळ्यात पाणी घेऊन दिवसा ग्रॅव्हिटीने किंवा छोट्या पंपाने सोडणं, हे त्यावरचे उपाय. वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर-दोन एकर बागायत केली तर विहिरीची पातळी वर येणार नाही, हेही स्पष्ट असावं.

आणि संच खरंच सांगितलेलं पाणी देतोय का, ते मोजून बघा. सब-मेनजवळचा (नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपजवळचा) पहिला ड्रिपर आणि नळीच्या टोकाचा शेवटचा ड्रिपर, दोन्हीखाली एकेक मग ठेवा. ताशी 2 लिटरच्या ड्रिपरने सहा मिनिटांत 200 मिलीलिटर भरायला हवं. पहिल्यात 200 आणि शेवटच्यात 120 मिळत असेल तर वेळ वाढवू नका, कारण वाढवलेल्या वेळेत पहिली झाडं बुडतील. आधी फिल्टर साफ करा, सब-मेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. बोअरच्या क्षारांचा पांढरा थर दिसत असेल तर माहितगाराच्या सल्ल्याने आम्लप्रक्रिया करा. मग पुन्हा मग ठेवून मोजा, आणि त्या आकड्यावरून तुमच्या ड्रिपरचे, तुमच्या जमिनीचे तास ठरवा.