कोकणातली पोरं ट्रकवर का येत नाहीत, हे आधी त्यांना विचारा

गेला महिनाभर आमच्याकडच्या गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: कोकणातल्या पोरांना ट्रक चालवायची लाज वाटते, शिक्षणाच्या अटीमुळे लायसन मिळत नाही, पगार चांगला दिला तरी कोणी टिकत नाही, म्हणून ड्रायव्हर बाहेरच्या राज्यातूनच आणावा लागतो, आणि ते कमी पैशातही खूश असतात. मी चिपळुणात एका हुंडेकऱ्याकडे, म्हणजे ट्रकने मालवाहतूक करणाऱ्याकडे, ड्रायव्हर भरतीचं काम बघतो. ज्या पोरांशी रोज बोलतो, त्यांच्याबद्दल हे असं पसरवलं जातंय याचा मला मनापासून राग आलाय.

लाजेचं म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीतून आंब्याच्या पेट्या भरून, रात्रभर गाडी मारून, पहाटे वाशी मार्केटला लावणारी पोरं कुठली असतात? कुंभार्ली घाटात धुक्यातून एसटी चढवणारे कुठले? मुंबईत टॅक्सीवर, स्कूलबसवर आपल्याच गावची किती पोरं आहेत, ते गणपतीत गावी आली की मोजा.

शिक्षणाची अट म्हणजे आठवी पासची. ती 2019 मध्येच रद्द झाली. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मालवाहू गाडीसाठी वय 20 लागतं आणि आधी किमान वर्षभर हलक्या गाडीचं लायसन हातात असावं लागतं. एवढं करून पोरगा हेवी लायसन घेऊन आला की आपण विचारतो, घाटाचा अनुभव किती? पूर्वी तो अनुभव क्लीनर म्हणून मिळायचा. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, चढावर उस्ताद कुठला गिअर टाकतो ते शेजारी बसून बघायचं, मग कधीतरी रिकामी गाडी हातात यायची. क्लीनरचा पगार वाचवायला आपणच गाड्या एकट्या ड्रायव्हरवर सोडल्या. ड्रायव्हर घडवायची शाळा आपण बंद केली आणि आता विद्यार्थी नाहीत म्हणून ओरडतोय.

आता पगार. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. आमच्याच जाहिरातीतला आकडा महिन्याला 10 ट्रिपा धरून लिहिलेला असायचा. प्रत्यक्षात 6 झाल्या तरी नशीब. गेल्या पावसाळ्यात आमची एक गाडी शनिवारी दुपारी कंपनीच्या गेटवर लागली आणि सोमवारी संध्याकाळी खाली झाली. ना संडास, ना आंघोळीला पाणी. ड्रायव्हर केबिनमध्ये स्टोव्हवर भात शिजवून जेवला. खर्ची, म्हणजे वाटखर्चाला दिलेले पैसे, संपली तेव्हा त्याने घरून पैसे मागवले. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं बिल आम्ही पार्टीकडून (मालवाल्या कंपनीकडून) वसूल केलं, पण त्यातला एक रुपयाही त्याला गेला नाही. ते व्हाउचर मीच बनवलं होतं. पुढच्या महिन्यात तो काम सोडून गेला. गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हाही हेच: गाडी उभी, ट्रिप नाही, पैसे नाहीत. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे आठ तास ठरवले होते. आमच्याकडे मुलाखतीत तासांचा विषयसुद्धा निघत नाही.

आणि बाहेरून आलेले ड्रायव्हर कमी पैशात खूश असतात, हे तर मुळीच खरं नाही. घर दीड हजार किलोमीटरवर असल्यामुळे ते लगेच सोडून जाऊ शकत नाहीत, एवढंच. छठला गावी गेले की त्यातलेही कितीतरी परत येत नाहीत, आणि मग मी पुन्हा फोन लावत बसतो.

परवा खेडहून एक पोरगा आला होता. हेवी लायसन, धोकादायक मालाचं ट्रेनिंग स्वतःच्या खर्चाने केलेलं, म्हणजे लोटे एमआयडीसीतल्या केमिकलच्या गाड्यांना हवा तसा. त्याने एकच विचारलं, "दादा, गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचं काय?" मी शेठना फोन लावला. थांबलेल्या दिवसाचा भत्ता कागदावर लिहून द्यायला ते कबूल झाले. सोमवारपासून तो गाडीवर आहे.